फाटकाआडचा माळी

गवंडीकाका सिनेमावाल्यांचं शहर बघायला आले खरे, पण गाइडच्या एकाही शब्दावर त्यांचा विश्वास बसेना. बस एका बंगल्यापुढे थांबली आणि गाइड म्हणाला, "हे आपल्या लाडक्या हिरोचं घर!"

काकांनी ओल धरलेली, पोपडे सुटलेली भिंत पाहिली आणि ते काकूंच्या कानाशी लागले. "एवढा बडा नट असल्या घरात राहील? थापा मारतोय मेला."

"गप बसा हो, बघू द्या."

पण काका उतरलेच. फाटकाआड एक टकला म्हातारा झाडांना पाणी घालत होता.

"माळीबुवा, हा खरंच त्या नटाचा बंगला का हो?"

"छे! तो कधीच विकून गेला," म्हणत म्हातारा गालात हसला.

काका मिशीला पीळ देत परतले, तर अख्खी बस खिडक्यांना चिकटलेली. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. "अहो, ते हसणंसुद्धा ओळखलं नाहीत? तेच होते ते! डोक्यावर टोप नव्हता, एवढंच."

काकांनी वळून पाहिलं. म्हातारा सगळ्यांना हात करत होता. काकांनी डोळे बारीक केले आणि गाइडला विचारलं, "हा माळी तुम्हाला कधीपासून सामील आहे?"