पेवातली हाक

दोन वर्षं मी सांगलीच्या हळदीवर सही केली आणि एकदाही पेवाच्या तोंडाशी गेलो नाही. खोटं कशाला सांगू? यार्डाजवळच्या हॉटेलात भजी खायची, बाळासो व्यापाऱ्यानं पुढं केलेलं एक हळकुंड मोडायचं, आत केशरी दिसलं की सही ठोकायची आणि दुपारच्या एसटीनं साताऱ्याला परत. मी, कृष्णात, फौजेतून हवालदार होऊन सुटलेला. एका मसाल्याच्या कारखान्यानं मला माल पारखायला ठेवलं होतं.

शहात्तर साली वेठबिगारी बंदीचा कायदा झाला. आमच्या साहेबानं छापील कागद काढला : 'या मालामागे कोणीही वेठबिगार नाही, हे मी समक्ष पाहिले आहे.' खाली माझ्या सहीची जागा. तो 'समक्ष' डोळ्यांत खुपला. म्हणून दिवाळीच्या आधी सरळ हरिपूरच्या रानात गेलो.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला रांजण. तोंड एवढंसं, आत दोन पुरुष खोल. महिनोन् महिने हळद कोंडलेली, त्यामुळं आतली हवा मरते. म्हणून तोंड उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

मी पोचलो तेव्हा तोंडावरची माती नुकती काढली होती. माल भरायला बैलगाडी उभी होती. पेवाच्या काठावर एक काटकुळा माणूस कमरेला दोर बांधून बसलेला.

"कंदील कुठाय?" मी विचारलं.

बाळासो हसला. "आवं हवालदार, कंदिलाची काच फुटती. आमचा जोतीराम फुटत न्हाई."

सगळे मजूर हसले. जोतीरामही हसला!

"वरनं हाक मारायची, खालनं त्यानं व्हय म्हणायचं," बाळासो म्हणाला. "व्हय थांबलं की वढायचं. लय सोपं हाय."

मला थट्टाच वाटली. पण जोतीरामच्या बायकोनं, रंगुबाईनं, त्याच्या कमरेची गाठ दोनदा ओढून बघितली, तसा मी जोतीरामजवळ जाऊन बसलो.

"सोडून का जात न्हाईस रं?"

"कसा जाऊ? आमचा बा ह्याच पेवात गुदमारला. मयताचा खर्च धन्यानं केला. त्यो फिटंस्तवर राबायचं."

"कवा गेला बा?"

"कोयनंचा भूकंप झाला न्हवं, त्या साली."

नऊ वर्षं! बापाला मारायचं आणि जाळल्याचा खर्च पोराच्या मानेवर! मी तोंड उघडायच्या आत तो गडी पेवात उतरलाही. काठावरच्या मजुरानं हाक मारली.

"जोत्या!"

"व्हय!"

"जोत्या!"

"व्हय..."

तिसरं व्हय उशिरा आलं. चौथं आलंच नाही.

"वढा!" रंगुबाई किंचाळली.

बाळासोनं हात वर केला. "थांबा. आणिक एक हाक मारा. मागल्या खेपंला नुसता दम खात हुता."

रंगुबाईनं दोरावर झडप घातली. तिच्यामागं मी धरला. मग मजुरांनीही धरला. जोतीराम वर आला तो ओठ काळेनिळे, मान लोंबती. तिनं तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि पहिलं काय बोलला?

"धनी, हवा वाईट हाय. जरा दम धरा."

"बघितलंसा?" बाळासो मला म्हणाला. "कंदिलापरास चोख." आणि सहीसाठी पेन पुढं केलं.

मी रंगुबाईला विचारलं, "किती वेळा असा वढलाय ह्याला?"

"तीनदा. त्यातलं दोनदा तुमच्याच कारखान्याचा माल काढताना."

तेव्हा मी भजी खात होतो.

गाडीखाली टांगलेला कंदील मी काढला, पेटवला आणि त्याच पेवात सोडला. पुरुषभर खाली गेला नाही तोच विझला. कोणी हसलं नाही.

पेन घेतलं. खिशातला कागद काढून छापील ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं : 'कंदील विझला. त्याआधी माणूस उतरवला होता. समक्ष पाहिले.' सही केली.

बाळासोनं वाचलं. "हवालदार, नोकरी जाईल. तुमच्या सायबाला हळद पायजे, माणसांची चौकशी न्हाई."

"जाऊ दे. जोतीराम, ऊठ. मिरजेला तहसीलदाराकडं जायचं."

जोतीराम मान खाली घालून बसला. "मी गेलो तर उद्या दुसऱ्या कुणाला बांधत्याल."

"म्हणूनच जायचं," रंगुबाई म्हणाली. "आनि किती दिस माझ्या हातानं गाठ मारू तुला?"

तो उठला. कमरेचा दोर सोडायला हात नेला, तसा तिनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. तहसीलदार सायबाला दिसू दे."

एका मजुराच्या विळ्यानं मी दोर कमरेपासून हातभर सोडून कापला. दोराचं ते शेपूट मागं लोंबत ठेवून जोतीराम मिरजेच्या रस्त्याला लागला.