खैरपेठेची डोण

मित्रांनो, मला फुलांची कुंडी समजू नका. मी खैरपेठेच्या बाजारतळावरची जुनी दगडी डोण आहे, जनावरांना पाणी पाजणारी, आणि सध्या माझं डोकं भयंकर तापलेलं आहे.

मावळ म्हटलं की तुम्हाला लोणावळ्याचा पाऊस आठवतो. पण घाट मागे टाकून आमच्या बाजूला आलात, की पाऊस हात आखडता घेतो. चैत्रात विहिरी तळ दाखवतात. तरी इथं बैलबाजार भरायचा, कारण मी होते. वडारांनी मला एका काळ्या दगडातून घडवलं. गावाची रीत होती : शेजारच्या विहिरीवर पाणी शेंदणाऱ्यानं पहिली बादली माझ्यात ओतायची, मगच स्वतःचं भांडं भरायचं. खैरपेठेची माणसं एक नंबरची भांडखोर. बांधावरून डोकी फुटायची. पण माझी बादली कुणी चुकवली नाही आणि जनावर कुणाचं, हेही कुणी विचारलं नाही.

मग ट्रॅक्टर आले, बैलबाजार उठला. नळ आले, रीत मोडली. मी कोरडी पडले, तेही सोसलं. पण गेल्या वर्षी पवनानगरला फिरायला जाणाऱ्या गाड्या थांबाव्यात म्हणून चहावाल्या निलेशनं मला गुलाबी रंग फासला, तळाला भोक पाडलं आणि माती भरली. रोपं उन्हानं जळाली, तर प्लास्टिकची फुलं खोचली. आता प्लास्टिकला निचरा कशाला हवा? पण माझं ऐकतो कोण!

काल डोंगरावरच्या ठाकरवाडीतून सरूबाई दोन तहानलेल्या शेळ्या घेऊन आली. एक गाभण. म्हातारीनं विहिरीतून कळशीभर पाणी शेंदलं आणि सवयीनं माझ्यात ओतलं. ते मातीतून, भोकातून थेट डांबरावर गेलं. दुसऱ्यांदा शेंदलं तर नुसता गाळ आला.

"अहो मावशी, तिथं नका ओतू!" निलेश ओरडला. "फोटोची जागा आहे ती. गावात नळ आलेत ना आता."

"व्हय, आलेत लोकांच्या घरात. पन शेळी काय नळ सोडनार हाय व्हय? भोक बुजव बाबा. लय लांबनं आलेय."

"बघू पावसाळ्यानंतर," म्हणत तो गिऱ्हाइकांकडे वळला.

गाभण शेळी डांबरावरचा ओलावा चाटत राहिली. शेवटी सरूबाई दोघींना ओढत तशीच निघून गेली. मला इतका संताप कधी आला नव्हता.

मित्रांनो, गुलाबी रंग हवा तर राहू द्या. फक्त माती उपसा, मूठभर सिमेंटनं भोक बुजवा, आणि हे उन्हाळ्यातच करा. मी दगड आहे, मला तहान लागत नाही. त्या शेळीला लागते.