शिवहारच्या ताटातली इटली

हिंगोलीच्या एसटी डेपोसमोर शिवहारचं प्रवासाचं ऑफिस होतं. तिथं तिरुपतीची चौकशी करायला गेलेला माणूस इटली ऐकल्याशिवाय बाहेर पडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. नव्वद सालानंतर पुण्याच्या एका कंपनीत राहून त्यानं लोकांना इटली फिरवली होती. व्हेनिसच्या पाण्यातल्या गल्ल्या आणि रोमची कारंजी तो अशी रंगवायचा, की परभणी गाडीचे प्रवासी उतरून ऐकायला यायचे आणि गाडी रिकामीच परभणीला जाऊन परत यायची. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा.

पण त्याचा जीव अडकला होता बोलोन्या गावातल्या रोझाबाईच्या खानावळीत. कणीक लाटून कापलेल्या लांब पट्ट्या उकडायच्या, वर टोमॅटो-लसणाचा रस्सा आणि किसलेलं चीज. हे ऐकून त्याची बायको दीपमाला म्हणायची, "वरणफळंच की व्हो ती. त्याच्यासाठी इमानात काहून बसायचं?" शिवहार दुखावून ते ताट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा. हिंगोलीत येऊन तीर्थयात्रेच्या गाड्या सोडायला लागल्यापासून ती चव काही त्याला पुन्हा मिळाली नव्हती. मरायच्या आधी ते एक ताट पोटात जावं, एवढंच त्याचं मागणं.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात अजिंठा बघायला आलेली रोझाबाई त्याच्या आग्रहावरून हिंगोलीत त्याच्या घरी उतरली. बाई साठीची, आवाज हळदीच्या लिलावात शोभेल असा, आणि सोबत जात्याच्या तळीएवढा चीजचा गोळा. पोळपाट तिला पुरेना. तिनं कोठीचं दार काढायला लावलं, धुतलं आणि त्यावर पोळी लाटली. पोळी इतकी पातळ, की तिच्यातून मला पलीकडचं स्टेशनचं घड्याळ दिसलं. पट्ट्या सुकवायला दोन बाजा, एक सायकल आणि शेजाऱ्याची एक गरीब म्हैस लागली.

आता आमच्याकडं यात्रेच्या गाडीवाल्याची एक रीत आहे. माणसं जेवून उठल्याशिवाय त्यानं घास तोंडात घालायचा नाही. शिवहारनं जुन्या प्रवाशांना नुसती चव बघायला बोलावलं होतं. चव बघणारे पाटावर बसले ते पातेलं खरवडूनच उठले. शिवहार वाढत राहिला आणि शेवटी पिठलं-भाकर खाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी रोझाबाईनं दुप्पट केलं, तर माणसं चौपट आली. सेनगावच्या जीपच्या टपावर लोक आपापली ताटं घेऊन बसलेले.

दीपमालाला नवऱ्याची कीव आली. तिनं एक ताट दुरडीखाली झाकून ठेवलं. पंगत उठली, शिवहारनं हात धुतले, दुरडी उचलली, आणि दारात तातेराव. तातेराव म्हणजे हळदीचे मोठे अडते. शिवहारच्या गाडीनं चारधाम केलेले आणि चारही धामांना नावं ठेवून आलेले. कणकीच्या दोऱ्या खायला मी काही येत नाही, असं ते बाजारात सांगून बसले होते, पण वास बाजारापर्यंत गेला. पाहुणा दारात आणि ताट आपल्या हातात. शिवहारनं ते पुढं केलं. तातेरावांनी नावं ठेवायला तोंड उघडलं, त्यात पहिला घास गेला, आणि मग ताट रिकामं होईस्तोवर शब्द म्हणून बाहेर आला नाही.

रोझाबाई चुलीजवळून सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची परतीची रेल्वेगाडी होती. निघायच्या आधी तिनं एकाच माणसापुरतं शिजवलं, शिवहारला दंडाला धरून पाटावर बसवलं आणि समोर ताट ठेवलं. गाडीची वेळ झाली, डब्यात भरून द्या, तुम्हाला स्टेशनवर सोडून आल्यावर खातो, असं तो म्हणाला. बाई तिच्या भाषेत कडाडली.

"काय म्हणती?" दीपमालानं विचारलं.

"म्हणती, डब्यात कोंबायला हे काय पायताण हाय?"

त्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तेवढ्यात बाईला पोचवायला तातेराव जीप घेऊन आले. छोट्या लाईनची आमची गाडी, एरवी तिच्या वाटेकडं बघत माणसं म्हातारी व्हायची, ती नेमकी त्या दिवशी वेळेवर आली. शिट्टी ऐकताच शिवहार अर्धा उठला.

तातेरावांनी त्याचा खांदा दाबला. "बस खाली. जेवत्या माणसाला ताटावरून उठवायची आपल्यात रीत न्हाई. गाडी उद्याबी हाय."

शिवहार बसला. काय चाललंय ते न कळताही रोझाबाईनं तातेरावांना मान डोलावली आणि ताटात आणखी वाढलं. इंजिन शिट्ट्या मारत राहिलं. डायवरनं म्हणे गाडी बरीच थोपवून धरली होती, पण शिवहारनं रस्सा पुसायला भाकरीचा तुकडा मागितल्याची खबर स्टेशनवर पोचली, तेव्हा त्यानं नाद सोडला.

गाडी गेली. ताट लख्ख झालं. तातेरावांनी रोझाबाईची बॅग स्वतः उचलली, पण जीपकडं न नेता आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मग शिवहारच्या कानाशी वाकून म्हणाले, "उद्याबी याच वख्ताला जेवाय बस. अन् सावकाश खा."