पाताळातलं क्लोरीन

घाटकोपरच्या टेकडीवर, आमच्या वस्तीच्या विहिरीत पाणी आलं तेव्हा बायका अक्षरशः रडल्या. तीन उन्हाळे विहीर कोरडी होती. जलनाथबाबा कठड्यावर त्रिशूळ आपटत ओरडत होता, "पाताळगंगा जागी झाली! शंका घ्याल तर रुसून जाईल!" गंगा अगदी बाबासारखीच रुसकी निघाली.

बदल्यात त्याला विहिरीभोवतीचं मैदान मठासाठी हवं होतं. मैदान देण्याच्या कागदावर सह्या करायला लोक धावले. शांताबाई सगळ्यांत पुढे. तिच्या गल्लीचा नळ पाच दिवस बंद होता आणि घरात सून आठ दिवसांची बाळंतीण.

शाळेत विज्ञान शिकवणारी संघमित्रा मधे पडली. दहा वर्षं ती दर महिन्याला या विहिरीची पातळी मोजत होती. दर वर्षी पातळी आणखी खोल जात होती. "जमिनीतलं पाणी पावसानंतर हळूहळू चढतं," ती म्हणाली. "ही गंगा रोज सकाळी सहा ते आठच कशी चढते? नळाच्या वेळेला?"

"ओ बाई, तहान काय पुस्तकाने भागते?" खंडू रिक्षावाला खेकसला.

तिने विहिरीचं पाणी काचेच्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"क्लोरीन आहे, पालिका नळाच्या पाण्यात टाकते ते. पाताळात क्लोरीन कोण टाकतं, बाबा?"

"देवाची लीला!"

दुसऱ्या दिवशी तिच्या सांगण्यावरून पालिकेच्या माणसाने नळाच्या लाइनचा वरचा व्हॉल्व्ह बंद ठेवला. आठ वाजले. विहीर बोटभरही चढली नाही.

"शंका घेतलीत, गंगा रुसली!" बाबा गरजला.

खंडूच वैतागून दोराने खाली उतरला. "च्यायला, इकडे पाइप आहे!" दगडांआड लपवलेला तो पाइप शांताबाईच्या गल्लीची लाइन फोडून जोडलेला होता.

बाबाला पोलिसांनी नेलं. टाळी कोणीच वाजवली नाही. शांताबाई खाली बसली. "माझंच पाणी चोरून मला देव म्हणून दाखवलं? मग खरं पाणी कुठाय गं?"

"खोल गेलंय, मावशी. चहूकडे बोअर उपसताहेत आणि सिमेंटमुळे पाऊस मुरत नाही. जगात कितीतरी ठिकाणी हेच चाललंय. इथे मुरायला हे मैदान तेवढं उरलंय."

त्या दुपारी सह्यांचा कागद फाडला गेला. गल्लीची लाइन जोडली, दुसऱ्या सकाळी शांताबाईला नळाचे दोन हंडे मिळाले. विहीर मात्र कोरडीच आहे, आणि कुठल्या मंत्राने ती भरणार नाही. तहानलेल्या माणसाला फसवणं फार सोपं असतं. म्हणून माझं एवढंच सांगणं आहे: कोणी पाणी दाखवलं तर ओंजळ पुढे करण्याआधी विचारा, हे आलं कुठून?