'नाही'च्या रकान्यातली रेघ

सकाळी स्वेटरची बटणं लेकीने लावून दिली. पाच वर्षांची पोर स्टुलावर उभी, जिभेचं टोक ओठांबाहेर. "आई, तू श्वास घेऊ नकोस ना, भोक हलतं," असा दमही भरून झाला. नवरा दारात किल्ल्या खुळखुळवत होता. "उशीर होतोय, मी लावतो की," म्हणाला, तर मायलेकींनी मिळून त्याच्यावर डोळे वटारले. लेकीला वाटत होतं, आईने आपल्यासाठी काढलेला हा नवा खेळ आहे. आईनेही तिला तसंच वाटू दिलं होतं. तीन आठवडे झाले, तिच्या बोटांना बटण लागत नव्हतं. हे ना नवऱ्याला ठाऊक, ना डॉक्टरांना.

वॉर्डात ती आता पेशंट होती, पण सगळे अजून 'मोठ्या ताई'च म्हणायचे. याच बावीस खुर्च्यांमध्ये तिने चौदा वर्षं नर्सची नोकरी केली होती. केमो घेऊन घेऊन शिरा करपतात, आत दडी मारून बसतात. अशा दडलेल्या शिरा शोधण्यात तिचा हातखंडा होता. "शीर डोळ्यांनी बघायची नसते गं, बोटाने बघायची," असं ती नव्या मुलींना सांगायची. पेशंट रांग सोडून तिच्यासाठी थांबायचे. मेट्रनबाई तर परवाच म्हणाल्या होत्या, "तुझी जागा धरून ठेवलीये मी. बाराच्या बारा उरकून ये लवकर. मला तुझी बोटं परत हवीत."

आज बारातली नववी खेप.

या बारांच्या आधी दुसऱ्या औषधाचे चार मोठे डोस ती कशीबशी रेटून आली होती. 'केस काय हो, पुन्हा येतात,' हे वाक्य चौदा वर्षांत तिने किती जणींच्या तोंडावर फेकलं असेल! स्वतःच्या केसांनी मोरी तुंबली तेव्हा नवरा बिचारा नेमकं तेच बोलला, आणि तिला हातातला तांब्या त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला. 'पाणी भरपूर प्या,' हेही ती सगळ्यांना बजावायची. पाणी गंजलेलं नाणं चोखल्यासारखं लागतं, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल. तेव्हा ती सलाईन बदलण्याच्या गडबडीत असेल.

"ताई, हात द्या." धाकटी नर्स आली. हिला ताईंनीच सहा वर्षं हाताखाली घेऊन तयार केलं होतं. छातीचं ऑपरेशन उजवीकडे, म्हणून सुई डाव्या हाताला. पहिली सुई हुकली, दुसरी शिरेत बसली.

"बोटाने बघ म्हटलं ना," ताई पुटपुटल्या.

"तुमच्यासारखं बोट कुठून आणू?" धाकटी हसली आणि कागद पुढे करून म्हणाली, "सही तेवढी ठोका."

त्या कागदावर दर खेपेला विचारायचे चौदा प्रश्न होते. ताप? जुलाब? तोंड आलंय? हातापायांना मुंग्या, बधिरपणा? प्रत्येकापुढे 'आहे' आणि 'नाही' असे दोन रकाने. धाकटीने 'नाही'च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली होती. काही न विचारताच.

तिला कुणी दोष द्यावा? ही रेघ ताईंचीच. बावीस खुर्च्या, तीन नर्सा. कुठे 'आहे' लिहिलं की डॉक्टरांना बोलवा, त्यांची वाट बघा, तयार करून आणलेलं औषध वाया, आणि बाहेरच्या बाकांवर माणसं ताटकळत. "ज्याला खरंच त्रास असतो तो बोंबलतोच. बाकी सगळी रेघ," ताईंनीच शिकवलं होतं. त्या रेघेपायी वॉर्ड वेळेवर सुटायचा. ताईंना त्याचा अभिमान होता.

आज पेन हातात धरलं, तर ते धरलंय की नाही तेच कळेना. खाली बघावं लागलं.

"मोठ्या ताई, तुमचं बटण एक घर चुकलंय हो."

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. काजवाल्या काकू. कोटांच्या कारखान्यात हाताने काजं करायच्या. दोन वर्षांपूर्वी याच वॉर्डात बारा खेपा पुऱ्या करून गेल्या होत्या. आता आजार उलटला म्हणून पुन्हा आल्या होत्या.

"माझ्या लेकीने लावलीत," ताई म्हणाल्या.

"थांबा, मी नीट करते. तिरकं काज दिसलं की जीव वरखाली होतो माझा." काकू सलाईनच्या सुईचा हात सांभाळत वाकल्या. त्यांची बोटं वरच्या बटणापाशी गेली, चाचपडली, घसरली. पुन्हा गेली. बटण चिमटीत आलं आणि निसटलं. काकूंनी हात मागे घेतला आणि मांडीवर झाकून ठेवला.

"विसरलेच मी," त्या ओशाळं हसल्या. "सवय जात नाही मेली. कारखाना सोडून दोन वर्षं झाली. सुई हातात आहे का खाली पडलीये, तेच कळेना. मालकाने एकदा चालवून घेतलं, दोनदा घेतलं. तुम्हाला सांगितलं होतं मी. आठवतंय? सहावी की सातवी खेप होती."

आठवत होतं. 'जातं हो काकू, सगळ्यांनाच होतं. हात चोळत जा.' असं म्हणून ताईंनी रेघ ओढली होती.

"ताई, सही," धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. औषधाची पिशवी वर टांगून तयार होती.

ताईंना सगळं पाठ होतं. सही केली तर बारा पुऱ्या होतील आणि या औषधाने बोटं कायमची बधिर होतील. खरं सांगितलं तर डोस कमी होईल, आणि कमी डोसाने आत काही उरलं तर? शिवाय संध्याकाळच्या आत मेट्रनबाईंच्या कानावर जाणार. चौदा वर्षांत तिने ही निवड दुसऱ्यांपुढे येऊच दिली नव्हती, परस्पर उरकून टाकली होती.

"हे खोड," ती म्हणाली. "बधिरपणा, 'आहे' लिही. तीन आठवड्यांपासून. बटण लागत नाही, पेन कळत नाही. डॉक्टरांना बोलव."

धाकटीचं तोंड उतरलं. "ताई, पण तुम्ही... आता तास तरी जाईल."

"जाऊ दे."

काकू ऐकत होत्या. "म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "ते लिहायचं असतं होय?"

धाकटी कागदात डोकं घालून उभी राहिली.

"असतं," ताई म्हणाल्या. "लिहिलं की डोस कमी करतात, नाहीतर औषध बदलतात."

"मग माझं?"

"माझ्याकडून 'नाही' लिहिलं गेलं." मग ते वाक्य तिचं तिलाच चीड आणणारं वाटलं. "गेलं नाही. मी लिहिलं. न विचारता. आणि तुम्ही आपणहून सांगितलंत, त्यानंतरही."

काकू मांडीवरचे हात उलटेपालटे करून बघत राहिल्या.

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही चोळा म्हणालात. मी वर्षभर चोळत होते. सून हसायची."

"काकू, मला—"

"नको." आवाज चढला नव्हता. "तुम्हाला स्वतःला लागलं तेव्हा लिहिलंत ना? बरं झालं." मग धाकटीकडे वळल्या. "ए मुली, माझा कागद आण. तिथेही रेघ असेल, ती खोड. आणि तो पडदा ओढ."

दोन खुर्च्यांच्या मधला पडदा कड्यांवरून खरखरत आला आणि काकूंचे फक्त पाय दिसत राहिले.

डॉक्टर आले तेव्हा पाऊण तास झाला होता. औषधाची पिशवी काढून नेली होती. "डोळे मिटा. टोचेल तेव्हा सांगा," ते म्हणाले. ही तपासणी चुकवायची कशी, तेही तिला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या बाहीची सळसळ ऐकायची आणि अंदाजाने 'हं' म्हणायचं. एका हेकट पेशंटने केलं होतं तसं.

तिने डोळे मिटले. बाही सळसळली. थोड्या वेळाने पुन्हा सळसळली. अंगठा झाला असेल, मग मधलं बोट, मग ज्या बोटाने ती शीर बघायची ते. पडद्यापलीकडे धाकटी एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होती आणि काकू एकेकाचं उत्तर देत होत्या.

बाही पाचव्यांदा सळसळली. ताई गप्पच होत्या. तिच्या 'हं'साठी डॉक्टर थांबले, मग त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. ठेवल्याचा आवाज मात्र तिला स्वच्छ ऐकू आला.