सैल बटणाचा स्वेटर

घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. कोणी कपाटं आवरतं, कोणी भिंतींना रंग देतं. आपल्या या लाँड्रीवाल्याला एकच काम येत होतं, त्यानं धुवायला काढलं. आईची चादर, उशांचे अभ्रे, पडदे, खुर्चीची गादीसुद्धा! आठ दिवसांत खोली अशी लख्ख झाली की आई तिथं राहत होती हे सांगूनही पटलं नसतं.

उरली आईची म्हातारी मांजर. आई तिला ‘बाईसाहेब’ म्हणायची. तिचीही सुटका झाली नाही. दर रविवारी टब, कोमट पाणी आणि गिऱ्हाइकांच्या लोकरी कपड्यांचा गुलाबाच्या वासाचा साबण. मग पुसून, छातीशी घट्ट धरून तो म्हणायचा, “बघ, आता कशी छान दिसतेस!” तिचा शी-शूचा मातीचा डबाही त्यानं धुलाईच्या मशीनशेजारी नेऊन ठेवला, कारण घाणीची कामं एका जागी बरी.

चौथ्या रविवारी तिनं त्याच्या मनगटावर ओरखडे ओढले आणि ती कपाटाखाली शिरली. दोन दिवस ताटलीकडे फिरकली नाही.

“इतकं करतोय, त्याची ही परतफेड!” तो बायकोवर करवादला. “देऊन टाकू कुणाला तरी.”

“अहो, आईंनी जाताना तुमच्या हातात दिलीय ती,” बायको म्हणाली. “आधी डॉक्टरांकडे चला.”

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं आणि मांजरीला हात न लावता थांबून राहिल्या.

“हा गुलाबाचा वास कसला?”

त्यानं अभिमानानं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण चेहरा उतरत गेला.

“मांजर घर ओळखते ती वासानं,” त्या म्हणाल्या. “चौकटीला, खुर्चीच्या पायाला ती गाल घासते ना? ती तिची पाटी. ‘हे माझं’ म्हणून लावलेली. तुम्ही त्या सगळ्या पुसल्यात. तिच्या अंगावरचा तिचा वाससुद्धा! तिला पाणी नको, उग्र वास नको, मशीनची घरघर नको, जखडून ठेवलेलं नको. लपायला एक खोकं द्या, उंचावर बसायला जागा द्या, आणि जवळ यायचं की नाही ते तिला ठरवू द्या.”

“पण मी मायेनंच करत होतो हो!”

“माया होती, नाही कोण म्हणतंय? तिला काय आवडतं ते कधी पाहिलंत का?”

त्यानं टोपलीत डोकावून पाहिलं.

“औषध देते. पण तिनं उद्यापर्यंत अन्नाला तोंड लावलं नाही, तर माझ्याही हातात फारसं राहणार नाही. आईंचं न धुतलेलं काही आहे घरात?”

लाँड्रीवाल्याच्या घरात न धुतलेलं काय असणार! त्याला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात बायकोला आठवलं. सैल बटणाचा कपडा शिवल्याशिवाय मशीनमध्ये टाकायचा नाही, हा त्याचाच दंडक. दुकानात काउंटरखाली, शिवायच्या कपड्यांत, आईचा राखाडी स्वेटर पडून होता.

त्यानं तो बाहेर काढला. बाहीला मांजरीचे केस चिकटलेले होते. सहज नाकाशी नेला, आणि आई! अगदी आईच! महिन्याभरात डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो माणूस काउंटरखालीच बसून रडला. घरातली आई त्यानं स्वतःच्या हातांनी धुऊन टाकली होती.

त्या दिवशी मशीन बंद राहिलं. डबा शांत कोपऱ्यात गेला, स्वेटर खोक्यात. तो पाठमोरा बसून राहिला, हाकही मारली नाही. दुपारी ती कपाटाखालून बाहेर आली, स्वेटर हुंगला, पंजांनी बराच वेळ मळला आणि त्यावर झोपली. संध्याकाळी चार घास खाल्ले.

ती पुढे पाचच महिने जगली. त्याच्या मांडीवर एकदाही बसली नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र जाता जाता त्याच्या पायाला गाल घासून गेली.

मंडळी, मुक्या जिवावर आपण आपल्या आवडीचं प्रेम लादतो आणि तो अंग चोरू लागला की त्यालाच नावं ठेवतो. त्याला काय हवं, काय नको, हे आधी पाहावं. माया म्हणतात ती तिथून सुरू होते. लाँड्रीवाल्याला हे उशिरा कळलं. तिनं गाल घासला त्या दिवशीची पँट त्यानं अजून धुतलेली नाही.