आरतीआधी उठायचं नाही

स्कॉटलंडमधलं पर्थ स्टेशन मागे पडलं, डोंगर जवळ सरकले आणि बर्फाला सुरुवात झाली. डॉ. चंद्रशेखर खांबेट्यांनी खिडकीवरची नजर काढली आणि सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं, "अलका, कीर्तन किती वाजता?"

"सहाला," अलकाताई म्हणाल्या.

"बुवा कोण?"

"तिकडचेच आहेत कुणीतरी."

"इन्व्हरनेसला कीर्तनकार?" डॉक्टर प्रसन्न हसले. "म्हणजे आपल्या स्लाऊची मक्तेदारी संपली म्हणायची."

अलकाताईंनी मान खाली घातली. इन्व्हरनेसला कीर्तन नव्हतं आणि बुवाही नव्हते. होतं ते नदीकाठचं एक केअर होम, आणि त्यात बागेकडे दार उघडणारी एक खोली. मुलगी ईरा तिथून जवळच राहायची. डॉक्टरांना तिथे ठेवायचं, थोडे दिवस ईराकडे थांबायचं आणि मग एकटीने लंडनजवळच्या मेडनहेडला, आपल्या घरी परत जायचं, असं मायलेकींनी फोनवर ठरवलं होतं. परतीचं तिकीट पर्समध्ये होतं. डॉक्टरांना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

आधी त्यांना सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. सांगितलं की डॉक्टर घराच्या दाराला पाठ लावून उभे राहायचे आणि मग दोन दिवस जेवायचे नाहीत. ठेवायचं तर मन होत नव्हतं, आणि सांभाळायचं तर अंगात बळ नव्हतं. ऑक्टोबरात ते पहाटे ड्यूटीला म्हणून निघाले ते मोटरवेच्या कडेने चालताना पोलिसांना सापडले. नाताळात त्यांनी बायकोलाच घरात शिरलेली परकी बाई समजून जिन्यात ढकललं. अलकाताईंच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं.

शेवटी त्या हरल्या, आणि हरलेल्या माणसाला सुचतं तेच त्यांना सुचलं. "अहो, इन्व्हरनेसला कीर्तन आहे, जायचं का?" असं विचारल्याबरोबर डॉक्टर आंघोळ करून, झब्बा घालून, गळ्यात मफलर गुंडाळून दारात तयार. कालची रात्र एडिंबराला काढली तरी उत्साह तसाच. देवाच्या नावाने आपण नवऱ्याला फसवून नेतोय, हे अलकाताईंना काट्यासारखं सलत होतं. पांडुरंगा, दुसरा रस्ता असता तर दाखवला असतास ना, असं त्या मनात म्हणायच्या आणि पर्समधली बुक्क्याची डबी चाचपायच्या.

गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि डलविनी नावाच्या एवढ्याशा स्टेशनात थांबली. एक फलाट, एक वेटिंग रूम, आणि भोवती पांढरं. डोंगर कुठे संपतो नि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. गार्ड मोराग नावाची लाल गालांची बाई होती. ती डब्यातून सांगत आली: पुढचा रूळ बर्फाखाली गेलाय, साफ करणारं इंजीन यायचंय, किती वेळ लागेल ते देवालाच ठाऊक. गाडीतलं टॉयलेटही गोठलं होतं, म्हणून स्टेशनातलं वापरायला दारांची बटणं चालू ठेवावी लागणार होती.

"काय म्हणते ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडा उशीर होईल म्हणते."

डॉक्टर उठलेच. "उशीर होऊन कसं चालेल? नमन चुकेल. चल, चालत जाऊ."

"अहो, बाहेर बर्फ—"

तोवर ते दाराशी गेले होते. हिरवं बटण दाबलं, दार सरकलं, आणि कोट सीटवरच ठेवून डॉक्टर फलाटावरून सरळ चालायला लागले. फलाट संपल्यावर पुढे काही नव्हतं. अलकाताई मागे धावल्या, मोराग धावली. दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना परत आणलं, तेव्हा केसांवर, भुवयांवर बर्फ साचलं होतं आणि हात लाकडासारखे गार पडले होते.

"मी एकटीच आहे, पूर्ण गाडीला," मोराग अजिजीने म्हणाली. "यांना बसवून ठेवा. पुन्हा बाहेर गेले आणि मला दिसले नाहीत, तर या वाऱ्यात अर्धा ताससुद्धा टिकायचे नाहीत."

बसवून ठेवा. सांगायला काय जातं. डॉक्टर पुन्हा उठत होते, आणि आता त्यांच्या डोळ्यांत ती नाताळातली ओळख न देणारी नजर येत होती. "बाई, बाजूला व्हा," ते म्हणाले. "मला कीर्तनाला जायचंय. कोण तुम्ही मला अडवणाऱ्या?" त्यांनी अलकाताईंचा तोच दुखरा हात बाजूला सारला.

कळ डोक्यात गेली, आणि त्या कळेबरोबरच अलकाताईंना स्लाऊचा हॉल आठवला. तिथल्या मराठी मंडळाच्या कीर्तनाला डॉक्टरांची खुर्ची कायम दाराशी असायची. आरतीआधी कुणी उठलं की हे चष्म्यावरून बघायचे, आणि भलाभला गुपचूप परत बसायचा. "ऑपरेशन अर्धं टाकून सर्जन जातो का घरी?" म्हणायचे. पार्किंगची वेळ संपली म्हणून एकदा त्यांच्याच गाडीवर दंडाची चिठ्ठी लागली, पण हे हलले नाहीत. तेवढं एक वळण अजून शाबूत असेल का? नाव, गाव, बायको सगळं पुसलं, तरी ते उरलं असेल?

"अहो, बसा," त्या म्हणाल्या. "कीर्तन इथेच आहे."

"इथे? आणि बुवा?"

"मीच उभी राहणार आहे."

डॉक्टरांनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला येतं?"

येतं कसलं. अलकाताईंचे वडील गुहागरकडचे कीर्तनकार. पोरवयात त्या वडिलांच्या मागे उभं राहून झांज वाजवायच्या. ऐकण्यात जन्म गेला होता, पण पुढे उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी वाकून बूट काढले, मोजे काढले. शाल पसरली दोन सीटांमधल्या ओल्या वाटेवर आणि तिच्यावर अनवाणी उभ्या राहिल्या. उभं राहिल्यावर वडिलांचा शब्द आठवला. ही नारदाची गादी, पोरी. इथे आवाज फुटला तरी चालतो, ताल चुकला तरी चालतो, पण इथे उभं राहून खोटं बोलायचं नाही.

पण आता उतरायची सोय नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि नमन सुरू केलं.

डॉक्टर बसले. मांडीवर हात ठेवून, पाठ ताठ करून बसले.

पूर्वरंगाला त्यांनी वडिलांनीच रचलेलं पद घेतलं. 'वाट बुजली, खूण पुसली, परि नेणारा जागा.' वडिलांनी ते घाटातल्या धुक्यावर रचलं होतं, पण या बर्फातही ते परकं वाटलं नाही. आवाज चिरकत होता. समोरचा एक तरुण कानात काहीतरी घालून खिडकीकडे वळला, आणि अलकाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कीर्तनकाराच्या मागे ध्रुवपद उचलणारं कुणी नसलं की पद असं उघडं पडतं. तिसऱ्या वेळी ओळ म्हणताना त्यांचा श्वासच संपला.

ओळ मात्र संपली नाही. पलीकडच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाई, मिसेस मॅक्लाउड, शब्दांवाचून नुसत्या सुराने ती पुढे नेत होत्या. आवाज जाडसर, घोगरा, पण पक्का. अलकाताई थक्क होऊन बघत राहिल्या.

"थांबू नका," म्हातारबाई म्हणाल्या. "मी लुईस बेटावरची. आमच्या चर्चमध्येही एकजण ओळ टाकतो आणि बाकीचे उचलतात. तुम्ही टाका."

मग जमलं. वाट बुजते तेव्हा भक्ताने काय करावं, नेणाऱ्यावर हवाला ठेवणं म्हणजे पाय न हलवणं का, असं जे काही आयुष्यभर कानावर पडलं होतं ते ओठांवर येत गेलं. डॉक्टर माना डोलवत होते. मध्यंतराचं 'विठ्ठल विठ्ठल' झालं. अलकाताईंनी डबीतला बुक्का त्यांच्या कपाळी लावला, मिसेस मॅक्लाउडनीही कपाळ पुढे केलं. आता यजमानाने कीर्तनकाराला हार घालायचा. डॉक्टर इकडेतिकडे बघू लागले. मग त्यांनी गळ्यातला मफलर सोडला, दोन्ही हातांनी अदबीने अलकाताईंच्या गळ्यात घातला आणि वाकून नमस्कार केला. परक्या माणसाला करावा तसा.

उत्तररंगाला आख्यान हवं. आणि इथेच अलकाताईंचं डोकं कोरं झालं. ऐकलेली शंभर आख्यानं, पण एकाचाही धागा हाती लागेना. दाराचं हिरवं बटण तसंच पेटलेलं होतं. डॉक्टर वाट बघत होते.

"एक डॉक्टर होता," त्या म्हणाल्या.

"बरं," डॉक्टर म्हणाले.

"तरणाबांड. देशातून नवा नवा आलेला. याच मुलखात, वर उत्तरेला, एका छोट्या हॉस्पिटलात त्याला नोकरी मिळाली. घरी नवी नवरी. तिला या देशातलं काही कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की बाहेर बर्फ आहे आणि नवरा रात्रंदिवस बाहेर आहे. एकदा असंच वादळ. लांबच्या वाडीवर एक बाई अडलेली. रस्ता बंद. डॉक्टर निघाला ट्रॅक्टरच्या मागून, चालत—"

"फोर्सेप्स घेतले का त्याने बरोबर?"

"घेतले."

"शहाणा दिसतो," डॉक्टर म्हणाले. "मग?"

मग त्यांनी सांगितलं. सकाळी डॉक्टर परत आला तेव्हा बूट पायाला चिकटले होते आणि बाई, मूल दोन्ही सुखरूप होती. नवरी खिडकीत रात्रभर उभी होती. त्या दिवशी तिने ठरवलं की हा जिथे जाईल त्या वाटेला आपले डोळे लागलेले असतील. पुढे मोठं हॉस्पिटल, मोठं घर, मुलगी, हजारो पेशंट. डॉक्टर ऐकत होते, मधूनच "वा" म्हणत होते, आणि ही कुणाची कथा हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एवढ्यात हिसका बसला. दारं सरकून बंद झाली, बटण विझलं, आणि गाडी चालू लागली. डब्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मोराग दारातून अंगठा दाखवून गेली.

धोका टळला होता. आता थांबता आलं असतं. दोन शब्दांत गोड शेवट करावा आणि खाली बसावं, असं अलकाताईंच्या अगदी मनात आलं. पुढे डॉक्टर नि त्याची बायको सुखाने नांदली, एवढंच म्हणायचं. त्यांनी तोंड उघडलं, पण पायाखाली ती गादी होती.

"मग डॉक्टर म्हातारा झाला," त्या म्हणाल्या. "हळूहळू त्याची आठवण गेली. बायको घाबरली. तिचा हात मोडला, झोप गेली. शेवटी तिने त्याला एका घरी ठेवायचं ठरवलं, जिथे सांभाळणारी माणसं असतात. त्याला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून तिने त्याला खोटं सांगितलं आणि आगगाडीत बसवलं."

डॉक्टरांचा हसरा चेहरा बदलला. "हे वाईट झालं," ते म्हणाले. "पेशंटला सांगायचं असतं. कितीही कठीण असलं तरी. मी कायम सांगायचो. न सांगताही त्याला कळतंच, फक्त तो एकटा पडतो."

अलकाताईंचं आख्यान तिथेच थांबलं. मिसेस मॅक्लाउडना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी ओळ उचलली आणि बराच वेळ एकट्याच गुणगुणत राहिल्या. बाहेर अंधारलं. डॉक्टर खिडकीत बघत बसले. त्यांना काचेत स्वतःचाच चेहरा दिसत असणार.

ईराचा फोन आला, तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत. "आई, मी स्टेशनवर आहे. सगळा रेडी आहे. बाबाची आवडतं चादर पण मी घातली बेडवर. तू सांगितला त्याला?"

"सांगतेय," अलकाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इन्व्हरनेस आलं. माणसं उतरली. मिसेस मॅक्लाउडनी उतरताना अलकाताईंचा हात दाबला. डॉक्टर बसूनच.

"चला, उतरायचं," अलकाताई म्हणाल्या.

"आरती?"

त्यांनी पटकन मोबाइलचा दिवा लावला. "ही घ्या, करू."

"अशी कशी?" डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले. अगदी तेच बघणं, स्लाऊच्या दारातलं. "आख्यान अर्धं आहे. त्या बाईने त्याला पोचवलं, मग ती काय करते? गेली का सोडून?"

डब्यात आता कुणी नव्हतं. मोराग फलाटावर थांबली होती, तिच्यामागे ईरा, हातात बाबांसाठी जाड कोट. अलकाताई अजून शालीवर अनवाणी उभ्या होत्या. पाय बधिर झाले होते. पर्समधलं तिकीट, मेडनहेडचं घर, तिथे मिळणार होती ती पहिली शांत झोप, सगळं समोर आलं. त्या झोपेची आस त्यांना किती होती, हे फक्त त्या पांडुरंगाला ठाऊक.

"तिने त्याला घरी परत नेलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तेवढी ताकद नव्हती तिच्यात. तिने त्याला तिथेच ठेवलं. पण ती ते गाव सोडून गेली नाही. तिथेच खोली घेऊन राहिली. रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायची आणि कीर्तन करायची. जसं येईल तसं."

बोलून गेल्या आणि कळलं की हे आता पाळावं लागणार.

डॉक्टरांनी विचार केला. "ठीक आहे," ते म्हणाले. "होऊ दे आरती."

अलकाताईंनी मोबाइल ओवाळून आरती म्हटली. डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवत होते. संपल्यावर त्यांनी दोन्ही तळवे दिव्यावर धरले, डोळ्यांना लावले.

"गारच आहे," ते म्हणाले.

"हो. आज तेवढाच आहे."

त्यांनी अलकाताईंना बूट घालायला आपला खांदा दिला. दाराशी येऊन फलाटावरच्या ईराकडे, तिच्या हातातल्या कोटाकडे पाहिलं. मग पायरीवर थांबून, मागे न वळता विचारलं, "त्या डॉक्टराला विचारलं होतं का कुणी?"

"नाही," अलकाताई म्हणाल्या.

बर्फ भुरभुरत होतं. मग त्यांनी हात मागे केला. अलकाताईंनी आपला दुखरा हात त्यात दिला, आणि दोघं खाली उतरली.